गोंगाटाच्या तोंडाशी बसलेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी पिझो चकती आहे. नाव परके वाटेल, पण माझी भावंडे तुमच्या घरात नक्की असतील. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पाडते ते माझेच भावंड. गजराच्या घड्याळात पिकपिक करते तेही माझेच. माझे आयुष्य मात्र वेगळ्या वाटेने गेले. विमानाच्या इंजिनाचा आवाज कमी करता येतो का, हे पाहण्याच्या खटपटीत मी होते.

माझा जन्म मुंबईबाहेरच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे एक पांढरट पूड साच्यात दाबून तिची वडी केली, भट्टीत लाल होईपर्यंत भाजली आणि तिच्यावर चांदीचा मुलामा चढवला. मग गरम तेलात बुडवून मला विजेचा मोठा दाब दिला. तो अनुभव मी विसरणार नाही. अंगातला कण न् कण एका दिशेला वळला, कवायतीला उभ्या असलेल्या मुलांसारखा. तेव्हापासून माझा स्वभाव ठरला. मला कोणी दाबले की मी थोडीशी वीज देते. मला वीज दिली की मी फुगते आणि आकसते, पण इतकी थोडी की डोळ्यांना दिसू नये. पाठीला पितळेचा पातळ पत्रा चिकटवला, त्यामुळे मी हलले की पत्राही डफाच्या कातड्यासारखा हलू लागला.

लॅमिंग्टन रोडवरच्या विजेच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मी बरणीत पडून होते. एक दिवस एका सडपातळ मुलीने ती बरणी टेबलावर पालथी केली. प्रत्येक चकतीला तिने नखाने टिचकी मारली, कोण किती दाद देते ते मीटरवर पाहिले आणि एकसारख्या स्वभावाच्या तेवढ्या निवडल्या. त्यांत मी होते. त्या मुलीचे नाव कालिंदी घाडी. माझी गोष्ट खरे तर तिचीच आहे.

कालिंदी माटुंग्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होती. राहायला करी रोडच्या चाळीत. तिचे वडील महादेव मूळचे कोकणातले, परळच्या एका कापडगिरणीत विणकर होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. एका छपराखाली शेकडो साचे खडखडू लागले की शेजारच्याच्या कानात ओरडले तरी शब्द पोचत नसे. म्हणून विणकर हातांनी बोलत. धागा तुटला, धोटा अडकला, मुकादम येतोय, चहा सांग, या सगळ्याला त्यांच्याकडे खुणा होत्या. घरी आल्यावरही महादेवांचे हात बोलत राहायचे. कालिंदी अक्षरे शिकायच्या आधी त्या खुणा शिकली. तिला तो खेळ वाटायचा. वडिलांचे कान जात चालले आहेत, हे तेव्हा घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मग ब्याऐंशी साली संप झाला आणि भोंगे थांबले. तो संप मिटला असे कोणी कधी सांगितले नाही, तो नुसता विरत गेला. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, महादेवांची झाली नाही. कालिंदीची आई सुभद्राबाई यांनी जेवणाचे डबे करून द्यायला सुरुवात केली. त्या डब्यांच्या फोडणीच्या वासात कालिंदी शिकली आणि इंजिनिअर झाली. गिरणी बंद पडल्यावर महादेव दिवसभर घरात दिसू लागले, तेव्हा कुठे सगळ्यांना कळले की पाठीमागून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नाही. आवाज हा विषय कालिंदीच्या मनात बसला तो तेव्हापासून.

आता आमचे काम काय होते ते सांगते. विमानाच्या इंजिनाच्या तोंडाशी एक मोठा पंखा असतो. तो फिरताना एक एकसुरी किंचाळी काढतो. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते. आवाज म्हणजे हवेतली लाट. त्या लाटेसमोर बरोबर उलटी लाट सोडली, म्हणजे ती वर जाईल तेव्हा ही खाली जाईल, तर दोघी एकमेकींना पुसतात. उलटी लाट सोडायची ती आम्ही. कालिंदीने पत्र्याचे एक मोठे गोल नळकांडे करून घेतले होते. त्याच्या एका टोकाला पंखा होता आणि आतल्या बाजूला आम्हा चकत्यांचे कडे. एक मायक्रोफोन किंचाळी ऐकायचा, एक यंत्र क्षणात हिशोब करायचे आणि आम्हाला वीज पाठवायचे. सगळा गोंगाट जाणार नव्हता, तो एक जीवघेणा सूर तेवढा कमी व्हायचा. तोही आम्ही साऱ्या जणी एकजीव हललो तरच.

पंखा चालू झाला की कॉलेजातल्या वर्गांना काही ऐकू येईना. तक्रारी झाल्या. कालिंदीचे मार्गदर्शक चिंतामणी सर जागा शोधू लागले आणि त्यांना परळच्या एका बंद गिरणीतले गोदाम मिळाले. ती नेमकी महादेवांची गिरणी निघाली.

त्या गिरणीच्या गेटवर संपानंतरही कामगार पाळीपाळीने बसत. महादेवही बसत. आतले साचे कोणी काढून नेऊ नयेत, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ते जागेवर राहावेत, एवढ्यासाठी ती राखण होती. मुलीला जागा कुठे मिळाली ते महादेवांनी दोनदा विचारून घेतले. मग तिचा चेहरा नीट दिसेल असे समोर येऊन म्हणाले, "साचे आत असत तोपर्यंत गिरण असा. तू जा, बाय. पण आत काय दिसतां तां माका सांगत जा."

तिने मान डोलावली. गेटवरच्या मंडळींनी कॉलेजचा टेंपो आत सोडला, कारण तो महादेवच्या मुलीचा होता. गिरणीचे काम पाहणारे रमाकांत साहेब मात्र तिला पहिल्याच दिवशी म्हणाले की गोदामापलीकडे फिरायचे कारण नाही. कालिंदी तरी येता-जाता लूमखात्याच्या फुटक्या काचेतून आत डोकावायची. धुळीने भरलेले साचे रांगेने उभे दिसायचे. संध्याकाळी वडील हातानेच विचारायचे, साचे आहेत ना? ती म्हणायची, आहेत.

हे सगळे मला कसे माहीत, असे तुम्ही विचाराल. कालिंदीला काम करताना बोलायची सवय होती. समोर कोणी नसले तर ती आमच्याशीच बोलायची.

बघता बघता परीक्षेचा दिवस जवळ आला. विमानांवर संशोधन करणारे दोन तज्ज्ञ बंगलोरहून येणार होते. त्यांना काम पटले तर ते पुढे जाणार होते, नाही तर नळकांडे भंगारात. कालिंदीचे खाण्यापिण्याकडे लक्ष राहिले नाही. आमचा सूर जुळता जुळत नव्हता. त्या आठवड्यात ती काचेपाशी थांबलीच नाही, सरळ गोदामात यायची आणि सरळ घरी जायची. तरी संध्याकाळी वडिलांनी विचारले की म्हणायची, आहेत.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी ती आमची तपासणी करत होती. पंखा बंद होता. मी जशी हलते तशी धक्काही टिपते, हे मी सांगितलेच आहे. तिने माझ्या तारा पडद्याच्या यंत्राला जोडल्या आणि मला पेन्सिलीने हळूच ठोकले. पडद्यावरची रेघ उसळली आणि शांत झाली. ठीक होते. ती पुढच्या चकतीकडे वळणार, तोच रेघ पुन्हा उसळली. या वेळी मला कोणी हात लावला नव्हता.

तिने तार तपासली. रेघ परत उसळली. चिंतामणी सर म्हणाले की तारेचा टाका सुटला असेल. तिने टाका नवा घातला. तरी रेघ थांबून थांबून उसळतच होती. तिने दुसरी चकती जोडली, तिचीही तीच गत. मला तर केव्हाच कळले होते. जमिनीतून धक्के येत होते. कुठे तरी खूप जड काही खाली टेकवले जात होते, पुन्हा पुन्हा. पण मला बोलता येत नाही, मला फक्त थरथरता येते.

कालिंदी वाकली आणि तिने तळहात फरशीवर ठेवला. मग ती बाहेर गेली.

परत आली ती धावतच. लूमखात्यात माणसे साचे खोलत होती. जे खोलता येत नव्हते ते कापत होती. मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या होत्या. अंगणात ताडपत्री टाकलेला ट्रक भरत होता. हमालाला विचारल्यावर तो सहज बोलून गेला की हा दुसरा ट्रक, कॉलेजचे सामान म्हणून जायचा आहे, पहिला असाच परवा गेला.

गेटवरच्यांनी ताडपत्री का उचलली नाही, हे तिला कुणी सांगायला नको होते. महादेवच्या मुलीचे सामान म्हटल्यावर कोण तपासणार?

तिने सगळे सरांना सांगितले. चिंतामणी सर वाईट माणूस नव्हते. त्यांनीही या कामासाठी अनेकांची बोलणी खाल्ली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "कालिंदी, फक्त उद्याचा दिवस जाऊ दे. पाहुणे गेले की मी स्वतः तुझ्याबरोबर गेटवर येतो. आज बोललीस तर आपल्याला आत पाऊल टाकू देणार नाहीत."

"सर, ट्रक आज जातोय."

सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. तेवढ्यात अंगणात ट्रक सुरू झाल्याची घरघर फरशीतून माझ्यापर्यंत आली. कालिंदी आमच्याकडे पाहत होती. आमच्या तारा, आमचे टाके, तिने महिनोन् महिने जुळवलेले सारे तिच्या समोर होते. मग तिच्या धावत्या पावलांचे धक्के मी टिपले. ते लांब जात गेले.

पुढचे मी पाहिले नाही. ते महादेवांचे जुने सोबती धोंडूकाका यांच्या तोंडून ऐकले. ट्रक गेटकडे निघाला होता. गेटबाहेर बस, हातगाड्या, भोंगे, नेहमीचा गलका. महादेव दाराची कडी काढायला उठले होते. ट्रकच्या मागून कालिंदी धावत आली आणि ओरडू लागली, पण इंजिनाच्या आवाजात ते कोणालाच कळेना. महादेवांना तर नाहीच. तेव्हा ती बाजूच्या दगडी कट्ट्यावर चढली आणि तिने दोन्ही हात वर केले. एक हात धोट्यासारखा डावीउजवीकडे मारला, म्हणजे साचा. मग मूठ पिळली, म्हणजे खोलला. मग दोन्ही हात बाहेर ओढले आणि ट्रककडे बोट दाखवले.

गेटवर बसलेले सगळेच विणकर होते. तिचे हात सगळ्यांनी वाचले. महादेवांनी कडी पुन्हा घातली आणि ते ट्रकच्या समोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. त्यांना तो ऐकूच आला नाही. ट्रक त्यांच्या छातीपासून हातभरावर येऊन थांबला.

ताडपत्री उचलल्यावर जे दिसायचे ते दिसले. गर्दी जमली, पोलीस आले. रमाकांत साहेब आले आणि थंडपणे म्हणाले की आता या गेटातून काहीच बाहेर जाणार नाही, तुमचाच तसा आग्रह आहे ना, मग कॉलेजचे नळकांडेही आतच राहील.

आणि गेटवरच्या काहींना तेही पटले. धोंडूकाकांचा राग कालिंदीवरही होता. "रोज आतबाहेर करत होती," ते म्हणाले, "आणि तिला ठाऊक नव्हतं होय?"

कालिंदी वडिलांकडे तोंड करून बोलली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. "बाबा, गेला आठवडा मी बघितलंच नव्हतं. न बघताच आहेत म्हणत होते."

महादेव तिच्याकडे पाहत राहिले.  मग महादेव धोंडूकाकांकडे वळले. "आज ती गप रवली असती तर ह्यो ट्रक गेलो असतो," ते म्हणाले. "तिचा सामान तिचा असा. तां बाहेर येऊक व्हया."

वाद बराच वाढला. शेवटी पोलिसांसमोर ठरले, की कामगारांनी आत येऊन एकेक वस्तू उघडून पाहावी आणि कॉलेजची असेल तेवढीच बाहेर न्यावी. महादेव ट्रकपाशी राखणीला थांबले. धोंडूकाका आणि आणखी काही जण गोदामात आले. धोंडूकाकांनी नळकांड्यात डोके घालून आम्हाला पाहिले आणि विचारले की ही बुचे कसली? कालिंदीने त्यांना आमचे काम सांगितले. ते ऐकत होते, पण चेहरा काही सैल झाला नाही. "आवाज कमी करणार," ते एवढेच म्हणाले, "जरा आधी तरी यायचीस."

नळकांडे खांद्यावर घेऊन माणसे निघाली. गेटच्या लोखंडी उंबऱ्यापाशी एकाचा पाय सरकला आणि नळकांड्याची कड उंबऱ्यावर आदळली. मला कळ आली. माझ्या कडेपासून आत केसाएवढी चीर गेली होती.

आता नवी जागा हवी होती. चाळीखालच्या व्यायामशाळेच्या मंडळींनी आपले दालन उघडून दिले. जोडी, मुद्गल, डंबेल्स कोपऱ्यात सारले. चिंतामणी सरांनी बंगलोरच्या पाहुण्यांना नवा पत्ता कळवला. फोन ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीने आम्हाला एकेक करून ठोकून पाहिले. माझी पाळी आली तेव्हा पडद्यावरची रेघ वाकडी उठली. तिने भिंग लावले. चीर दिसली. तशी दुसरी चकती तिच्याजवळ नव्हती, आणि मला काढले असते तर कड्यात खिंडार पडले असते. बेताची वीज दिली तर मी तग धरण्यासारखी होते. सर म्हणाले, बेताचीच देऊ, पाहुण्यांना चिरेचे सांगायचे कारण नाही.

"सर, मी आधीच सांगणार आहे," कालिंदी म्हणाली. "न बघता साचे आहेत म्हणून झालंय माझं. आता चीर बघून नाही म्हणायचं?"

 पाहुणे आले तेव्हा चिरेची गोष्ट त्यांना पहिल्यांदा सरांनीच सांगितली.

पाहुण्यांतले एक तरुण होते आणि एक वयस्कर, मोजके बोलणारे. व्यायामशाळेच्या दारात कामगार उभे होते, सुभद्राबाई डब्यांचे काम टाकून आल्या होत्या, महादेव भिंतीला टेकून होते. पंखा सुरू झाला. बंद दालनात ती किंचाळी काय होती म्हणून सांगू! सुभद्राबाईंनी पदराने कान झाकले. धोंडूकाकांनी दात आवळले. दारातले दोघे मागे सरले.

कालिंदीने बटण फिरवले आणि वीज आमच्यात आली. किंचाळीची लाट येई आणि आम्ही तिला उलटा धक्का देऊ. आधी तोल जुळेना. सूर वर गेला, खाली आला, पुन्हा वर. माझ्या चिरेत प्रत्येक धक्क्याला करकर होत होती. मग यंत्राचा हिशोब बसला, आम्ही एकजीव झालो आणि किंचाळी ओसरू लागली. पंख्याचा घोंघाट राहिला, पण त्यातला तो सुरीसारखा सूर बोथट झाला. सुभद्राबाईंनी पदर खाली घेतला.

वयस्कर पाहुणे हातात आवाज मोजायचे यंत्र घेऊन दालनभर फिरले. ते म्हणाले की समोर आवाज कमी आहे, पण खिडकीपाशी थोडा वाढला आहे. कालिंदी म्हणाली, हो, तसे होते, त्यावर उपाय अजून सापडलेला नाही. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "अजून जोर द्या. मला ह्याची मर्यादा बघायची आहे."

"सर, ती चकती तुटेल."

"तुटू दे. विमानात काही तरी तुटणारच. तुटल्यावर काय होतं तेच मला बघायचं आहे."

बरोबरच होते त्यांचे. कालिंदीने क्षणभर माझ्या बाजूला पाहिले आणि बटण हळूहळू फिरवले. मी ताणले गेले. आवाज आणखी खाली गेला, इतका की दारातून कोणी तरी हळू बोललेले ऐकू आले. आणि मग चीर या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. माझ्यातली वीज खंडित झाली. मी थांबले.

कड्याचा तोल गेला आणि किंचाळी एका झटक्यात परत आली. सगळे दचकले. सुभद्राबाईंचा पदर पुन्हा कानाशी गेला. कालिंदीने घाईने पंखा बंद केला. पाती थांबली. तिला वाटले, संपले सगळे.

तेव्हा महादेव बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखा थोडा मोठा होता. "माका फरक ऐकाक नाय इलो," ते म्हणाले. "पण मघाशी सगळ्यांची तोंडां सैल झाली होती. आता परत आवळली."

वयस्कर पाहुण्यांनी चिंतामणी सरांकडून त्याचा अर्थ विचारून घेतला. मग ते महादेवांजवळ गेले आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. आवाज किती कमी झाला होता, हे तो परत आल्यावरच समजले, असे ते म्हणाले.

काम मंजूर झाले, पण वाजतगाजत नाही. अटी होत्या, शंका होत्या. कालिंदी काही वर्षे बंगलोरला राहून ते करत होती. माझ्या जागी दुसरी चकती आली, मग सगळे कडेच बदलले. खोटे कशाला सांगू, अजूनही आमची कडी विमानांत सर्रास बसलेली नाहीत. उष्णता असते, वजन असते, आणि एक तुटली की काय होते ते तुम्ही पाहिलेच. मी मात्र एका खणात जुन्या तारांबरोबर पडून राहिले. चांदी काळवंडली. एकदा झाडलोट करताना कोणी मला कचऱ्यातही टाकले होते, ते कालिंदीने पाहिले म्हणून वाचले. आता ती कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी नव्या मुलांसमोर मला टेबलावर ठेवून हीच हकिगत सांगते.

उरलेले साचे त्यानंतर काही वर्षे जागेवर राहिले. मग कोर्टाचा निकाल आला आणि ते कायद्याने, भर दिवसा, उघड्या गेटातून गेले. कोणी कोणाला फसवले नाही. त्या दिवशी कालिंदी मुंबईत आली होती. वडिलांना आणि धोंडूकाकांना घेऊन ती रिकाम्या लूमखात्यात गेली. फरशीवर साच्यांच्या पायांचे ठसे तेवढे उरले होते. महादेव आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. धोंडूकाका पलीकडच्या रांगेत, आपल्या जागेवर. महादेवांनी तोंडापाशी हात धरून हाक मारली, "धोंडू!"

छप्पर घुमले. पलीकडून धोंडूकाकांनी जीव काढून ओ दिली.

महादेवांनी मुलीकडे वळून विचारले, "ओ दिली ना त्येना?" ती म्हणाली, दिली. ते हसले. म्हणाले, सारा जन्म हय शेजारी उभे रवलो, पण हय मारलेली हाक आज पयल्यांदा पोचली.

मित्रांनो, कालिंदी वर्गातल्या मुलांना हे सांगते. मग ती त्यांना एकच गोष्ट विचारते आणि मीही तुम्हाला तीच विचारते. तुमच्या घरातले कोणी यंत्राजवळ काम करते का? इंजिनापाशी, छापखान्यात, रस्ता फोडणाऱ्या मशीनवर? तर त्यांना कानांत घालायला काही मिळते का, ते आज घरी गेल्यावर विचारा. लाटांना पुसणारी यंत्रे येतील, पण ती सावकाश येतात. तोवर त्यांना पाठीमागून हाक मारून पाहा. त्यांनी वळून बघितले नाही तर रागावू नका. पुढे जाऊन समोर उभे राहा आणि लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा.